परत आलेल्यांचा रकाना

अरविंद सबनीसांच्या बेसमेंटमध्ये माझी बारा हजार माणसं मेली. लढाईत फार थोडी. बाकीची उन्हाने, हगवणीने, कच्चं धान्य खाऊन, आणि बरीचशी नुसती चालून चालून. न्यू जर्सीतल्या त्या घराच्या तळघरात पिंगपाँगच्या टेबलाएवढं एक टेबल होतं, टेबलावर रशियाचा नकाशा, आणि नकाशावर करंगळीच्या नखाएवढे शिशाचे सैनिक. एक सैनिक म्हणजे पन्नास माणसं. काका चिमट्याने एकेक उचलायचे आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचे. टक्क आवाज व्हायचा. तो ऐकून शुभाकाकू वरून विचारायच्या, "आज किती गेले हो?" आणि काका बिनचूक आकडा सांगायचे.

काकांनी आयुष्यभर एका विमा कंपनीत अ‍ॅक्च्युअरीची नोकरी केली. म्हणजे कोणत्या वयाची, कोणत्या धंद्यातली किती माणसं कधी मरतील ते आधीच काढून ठेवायचं. रिटायर झाल्यावर इथली माणसं टोमॅटो लावतात, भजनी मंडळात जातात, फार तर नातवंडं सांभाळायला कॅलिफोर्नियाला जातात. काका रशियाच्या स्वारीवर गेले. फ्रेंच सम्राट ज्या अवाढव्य फौजेनिशी मॉस्कोवर चालून गेला, तिच्यातली फक्त पहिली कोअर त्यांनी घेतली. कोअर म्हणजे पाच डिव्हिजनांची, स्वतःच्या तोफा नि घोडदळ असलेली एक पुरी फौजच. "सगळी फौज कुणीही घेतो," ते म्हणायचे, "एकच घ्यावी आणि शेवटच्या माणसापर्यंत न्यावी."

पहिलीच का, तर तिच्याइतकी कडक शिस्त दुसऱ्या कुठल्याच कोअरमध्ये नव्हती. शिपायाच्या पाठपिशवीत सदरे किती, बूट किती, बिस्किटं किती, सगळं ठरलेलं. प्रत्येक पलटणीत स्वतःचे भटारी, शिंपी, गवंडी. निघाली तेव्हा सत्तर हजारांच्या आसपास होती. परत आली तेव्हा तिला कोअर म्हणणं ही चेष्टा होती. कुठल्या मुक्कामावर किती कमी झाले, एवढंच काकांना हवं होतं. का झाले हे कुणी विचारलं की ते म्हणायचे, "का ते कादंबरीवाल्यांना विचार. मला किती ते विचार."

सबनीस या आडनावाचा त्यांना फार अभिमान. "सबनीस म्हणजे फौजेची हजेरी ठेवणारा. तलवारवाले गेले, हजेरीवाला उरला," असं ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, काका, फ्रेंचांचं कशाला, आपलं पानिपत घ्या ना. काकांनी चष्मा काढला. "पानिपतावर आपण रडतो. मोजत नाही. अडीचशे वर्षं रडतोय, पण किती गेले आणि त्यातले बाजारबुणगे किती, हे नीट सांगणारा एक कागद नाही. रडणाऱ्यांच्यात मला बसवू नकोस."

माझी त्यांची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. मी नागपूरहून येऊन वर्ष झालं होतं, व्हिसावर, कुणाला ओळखत नव्हतो. सेक्रेटरी स्टेजवरून मोठ्या आनंदाने सांगत होते की या वर्षी चारशे रजिस्ट्रेशन्स झाली. मागून एक उंच, हाडकुळे गृहस्थ उभे राहिले. "जेवले किती?"

"असतील तीनशे, काका."

"आरतीला किती होते?"

सेक्रेटरी हसले. "शंभरेक."

"आणि आत्ता खुर्च्या घडी करतायत ते? अकरा. मी मोजलेत. मंडळाची ताकद अकरा आहे, चारशे नाही. पुढच्या वर्षी हॉल त्या हिशेबाने बुक करा."

सगळ्या हॉलचं तोंड उतरलं. मी त्या अकरांतला एक होतो. काका माझ्याकडे आले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तू हत्यारासह हजर आहेस. शनिवारी दुपारी दोनला घरी ये." मला तेव्हा वाटलं, बरं झालं, या परक्या देशात कुणीतरी आपल्याला मोजलं.

बेसमेंटमध्ये आम्ही पाच जण होतो, पाच डिव्हिजनांचे पाच सेनापती. नावाने काका कुणाला हाक मारत नसत. मी तिसरी. "ये तिसरी, बस. काल किती मैल?" दीड वर्ष दर शनिवारी मी तिसरी होतो. आम्ही कूच ठरवायचो, चारा कुठून आणायचा ते ठरवायचो, आणि काका पंच म्हणून फासे आणि आपले तक्ते घेऊन आमची माणसं मारायचे. चार वाजता काकू खाली येऊन पिठलं-भाकरी ठेवायच्या. "तुम्ही बसा लष्कराच्या भाकऱ्या भाजत. खऱ्या भाकऱ्या मलाच भाजाव्या लागतात," असं म्हणून हसायच्या. पाच सेनापतींत कुणाला कमी तिखट लागतं, कुणाला लसूण चालत नाही, हे त्यांच्या पक्कं ध्यानात असे.

लोकांना वाटतं ती फौज बर्फात मेली. काका या समजुतीला पाण्यात पाहायचे. "बर्फ नंतर पडला. त्याच्या किती आधी, जाताना, ऐन उन्हाळ्यात फौज विरघळत होती. लढाई नाही, थंडी नाही. रोज थोडे मागे पडले. रोज थोडे. मागे पडणारा एकदम पडत नाही, तिसरी. आधी बुटाची नाडी बांधायला थांबतो." हे वाक्य ते अगदी शांतपणे म्हणाले. तेव्हा मला ते फक्त फौजेबद्दल वाटलं.

दर पंधरवड्याला आम्ही हजेरीपत्रक द्यायचं. त्याचे पाच रकाने होते: हत्यारासह हजर, कामगिरीवर, इस्पितळात, मागे राहिलेले, आणि कापलेले. नियम एकच. मागे राहिलेला ओळीने तीन हजेऱ्यांना आला नाही की त्याचं नाव कापायचं. एका पंधरवड्याला मी लबाडी केली. माझी आठशे माणसं तिसऱ्यांदा गैरहजर होती, पण मी त्यांना 'कामगिरीवर' दाखवलं. म्हटलं, येतील हळूहळू. पुढच्या शनिवारी काकांनी मला पुलाच्या रक्षणाला तीच आठशे माणसं पाठवायचा हुकूम दिला. माणसं नव्हतीच. पूल गेला, पुलामागे तोफा गेल्या, आणि माझ्यामुळे दुसरी डिव्हिजनही अर्धी कापली गेली.

मी म्हणालो, "काका, सॉरी यार... सॉरी, काका. गेमच आहे शेवटी."

"गेम तुझ्यासाठी," ते म्हणाले. "तू त्या आठशेंवर दया केलीस, आणि जे पायांवर उभे होते ते त्या दयेने मेले. मोजताना दया करायची नाही. मोजून झाल्यावर कर." बरणीत शिसं पडत राहिलं.

हा माणूस मला आवडायचा, हे मी लपवत नाही. साठीच्या पार्टीत केक कापणाऱ्या यजमानाला त्याच्या वयाच्या शंभरांतले पंच्याहत्तरीला किती उरतात ते सांगणारा माणूस आवडावा असा नव्हे. पण माझी नोकरी गेली आणि दुसरी शोधायला व्हिसाने दिलेले साठ दिवस सुरू झाले, तेव्हा बाकी सगळे 'होईल रे काहीतरी' म्हणत होते. काका रोज सकाळी सातला फोन करायचे. "आज किती अर्ज? किती उत्तरं? उरले किती दिवस?" एकावन्नाव्या दिवशी मला नोकरी लागली. त्या माणसाने मला एकदाही धीर दिला नाही, आणि त्यांच्याशिवाय मी टिकलो नसतो.

त्यांना एक मुलगा होता हे मला चार महिन्यांनी कळलं. काकू म्हणायच्या, "आमचा रोहन सिएटलला असतो. फार बिझी असतो." काका त्या वेळी उठून पाणी प्यायला जायचे. खरी गोष्ट दुसऱ्या डिव्हिजनने, म्हणजे कुलकर्णींनी, मला गाडीत सांगितली. रोहन शाळेत कुस्ती खेळायचा. पाठीला दुखापत झाली, डॉक्टरने वेदनेच्या गोळ्या दिल्या, पाठ बरी झाली आणि गोळ्या सुटल्या नाहीत. काकांनी त्याला दोनदा उपचार केंद्रात नेलं, स्वतः ड्राइव्ह करून, दोनदा आणलं. पुढे तो घरातून गेला. दर वर्षी दिवाळीला येतो म्हणायचा. काकू ताट वाढून ठेवायच्या. तिसऱ्या दिवाळीला संध्याकाळपर्यंत तो आला नाही. काकांनी उठून ते ताट सिंकमध्ये ठेवलं आणि घरच्या फोनवरचा निरोप बदलला. पूर्वी 'शुभा, अरविंद अँड रोहन' असं ऐकू यायचं. नंतर दोनच नावं राहिली.

म्हणजे काकू त्याला 'कामगिरीवर' दाखवत होत्या, आणि काकांनी कापला होता. मी हे ऐकलं आणि गप्प बसलो. दुसऱ्याच्या घरातलं आहे, असं स्वतःला सांगितलं. आपल्या लोकांत याला सभ्यपणा म्हणतात.

आमची फौज मॉस्कोहून परत फिरली त्याच सुमारास काकूंच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, तोही पसरलेला. काकांनी डॉक्टरला एकच प्रश्न विचारला, आणि डॉक्टरने आढेवेढे घेतले तेव्हा स्वतःच उत्तर दिलं. डॉक्टर मान खाली घालून म्हणाला, हो, साधारण तेवढंच. गाडीत काकूंनी विचारलं, "किती?" काकांनी सांगितलं. चार महिने. बायकोला खोटं सांगणं त्यांना जमलं नसतंच.

काकूंनी त्यानंतर एकच गोष्ट मागितली. मला बोलावून घेतलं, पलंगाशेजारी बसवलं. हात काडीसारखे झाले होते. "तुझ्या त्या मोबाइलवर शोध ना रे रोहनला. मला एकदा बघायचाय. बोलायला नको काही. नुसता बघायचाय. ह्यांना तू समजाव, तुझं ऐकतात." काका माझं ऐकत नव्हते, कुणाचंच ऐकत नव्हते; पण मी हो म्हणालो.

रोहन सापडायला दोन दिवस लागले. पेनसिल्व्हेनियात एका टायरच्या दुकानात काम करत होता. मी फोनवर काकूंचं आजारपण सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आय अ‍ॅम क्लीन. फोर्टीन मंथ्स." आणि मग मराठीत, अडखळत, "आई... जेवते का?" मला रडू आलं. मी म्हटलं, थोडं थोडं जेवते.

काकांशी बोलायचं धैर्य गोळा करत मी बेसमेंटमध्ये गेलो. ते वर काकूंना औषध देत होते. टेबलाशेजारी त्यांची फाइल उघडी होती. आमची हजेरीपत्रकं ज्या मूळ कागदावरून केली, त्या छापील फ्रेंच कागदाची प्रत तिच्यात होती. मी इतक्या महिन्यांत कधी नीट पाहिली नव्हती. सहज म्हणून फोनचा कॅमेरा धरला आणि भाषांतर वाचत गेलो. हजर. कामगिरीवर. इस्पितळात. मागे राहिलेले. वजा. त्याच्यापुढे आणखी एक रकाना होता, ज्यात कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी शाईने बारीक आकडे भरले होते. वर लिहिलं होतं: परत आलेले.

काका जिन्यावरून उतरले तेव्हा तो कागद माझ्या हातात होता.

"काका, हा रकाना आपल्या पत्रकात नाही."

"नाही."

"खऱ्या फौजेत होता. मागे राहिलेले परत येत होते. महिन्यांनी येत होते, आणि त्यांना परत चढवत होते. आपण तर तीन हजेऱ्यांत कापतोय."

"तो नियम माझा आहे," काका म्हणाले. आवाजात जराही फरक नव्हता. "तो रकाना मी काढला. मुद्दाम काढला. त्या रकान्यानेच फौज बुडवली. रोज चार परत यायचे आणि त्या चारांकडे बघून बाकीच्या चारशेंची वाट बघायचे. भाकरी ठेवायचे, मुक्काम लांबवायचे. येणाऱ्याने जेवढी माणसं मारली तेवढी न येणाऱ्याने नाही मारली."

"काका, रोहन येतोय. रविवारी. चौदा महिने झाले त्याला सगळं सोडून."

त्यांनी नकाशावरचा एक सैनिक सरळ केला. मग म्हणाले, "पहिल्यांदा अकरा महिने होते. दुसऱ्यांदा सोळा. दोन्ही वेळेला तिने लाडू केले होते."

मी वाद घातला. पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, काकूंकडे आता तिसऱ्यांदा मोडायला वेळच कुठे उरलाय? ते म्हणाले, "म्हणूनच. उरलेले दिवस वाट न बघता जाऊ देत." मी फाइल मिटली आणि वर गेलो. याचं उत्तर मला फार उशिरा सुचलं. त्या उत्तराचा आता कुणाला उपयोगही नाही.

रविवारी अकरा वाजता रोहन आला. दाढी केलेली, शर्टाच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या, म्हणजे नवा घेतला होता. हातात फुलं. नाक हुबेहूब काकांचं. मी आत हॉलमध्ये उभा होतो. काकांनी दार उघडलं आणि चौकटीत उभे राहिले.

"डॅड."

"बोल."

"आय जस्ट वाँट टू सी हर. टेन मिनिट्स. प्लीज."

"दहा मिनिटांनी तू जाशील," काका मराठीत म्हणाले. "मग ती रोज दाराकडे बघेल. मला ते परत बघायचं नाही."

"आय विल स्टे. आय टुक द वीक ऑफ."

"हेही तू आधी म्हणाला होतास."

मी पुढे व्हायला हवं होतं. काका सत्तरीचे, हाडकुळे. त्यांना बाजूला करायला एक हात पुरला असता. रोहनलाही पुरला असता. पण त्याने फक्त मान हलवली. भांडायचं नाही, हे त्याला त्या चौदा महिन्यांत कुणीतरी नीट शिकवलं होतं, आणि तेच नेमकं आडवं आलं. त्याने फुलं पुढे केली. काकांनी ती घेतली नाहीत. दार लागलं.

वरून काकूंचा आवाज आला, अगदी बारीक. "कोण आलं होतं हो?"

"पार्सलवाला," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. जिना चढताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. वर जाऊन काकूंजवळ बसलो तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, आणि मी म्हणालो, "शोधतोय, काकू. सापडेल." त्या माझ्या हातावर थोपटत राहिल्या. मला काकांचा राग येतो, पण त्याहून जास्त माझ्या त्या वाक्याचा येतो.

रोहन आठवडा संपल्यावरही हायवेवरच्या मोटेलमध्ये राहिला. रोज मला मेसेज करायचा, "टुडे?" मी रोज लिहायचो, नॉट येट. नवव्या दिवशी सकाळी काकू गेल्या. काकांच्या हिशेबापेक्षा सात आठवडे आधी.

इथल्या दहनगृहात मंत्र पंधरा मिनिटांत होतात. मग घरच्यांना आतल्या खोलीत नेतात आणि भट्टीचं बटण मुलाने दाबायचं असतं. आठवड्याला दोन-तीन हिंदू अंत्यविधी करून तिथल्या माणसाला सगळा रिवाज पाठ होता. गोरा, थकलेला, भला माणूस. त्याने हॉलमध्ये नजर फिरवली. चौथ्या रांगेत रोहन बसला होता, तोच नवा शर्ट घालून. त्या माणसाने त्याचं नाक पाहिलं, काकांचं नाक पाहिलं, आणि रोहनकडे हात करून हळूच विचारलं, "इज दॅट द सन, सर?"

"नो सन," काका म्हणाले.

हॉलमधल्या सगळ्यांनी ऐकलं. काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ही विल डू इट."

मी रोहनकडे पाहिलं. तो उठेल असं मला वाटलं; उठावा अशी मी मनोमन प्रार्थना केली, म्हणजे मला उठावं लागणार नाही. त्याने खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं, आणि मला मानेने 'जा' म्हटलं. मी आत गेलो. हिरव्या रंगाचं, लिफ्टच्या बटणाएवढं बटण होतं. ज्या बाईने दीड वर्ष मला बिनलसणाचं पिठलं आठवणीने वेगळं करून वाढलं, तिला मी अग्नी दिला. तिचा मुलगा भिंतीपलीकडे बसलेला असताना दिला.

बाहेर आलो तर दारापाशी रांग लागली होती. काका कोट घालून ताठ उभे होते आणि प्रत्येकाशी हात मिळवत होते. बायका रडत होत्या, पुरुष पुटपुटत होते. काका प्रत्येकाला तेच म्हणत होते, "थँक यू फॉर कमिंग." मी रांगेत शेवटी उभा राहिलो, आणि मग लक्षात आलं की माझ्यापुढे रोहन आहे.

रांग सरकत गेली. तो काकांसमोर पोचला. दोघं एकाच उंचीचे होते. मला वाटलं, आता काहीतरी होईल. काकांनी हात पुढे केला, रोहनने तो धरला.

"आय अ‍ॅम सॉरी फॉर युअर लॉस," रोहन म्हणाला.

"थँक यू फॉर कमिंग," काका म्हणाले, आणि हात सोडवून त्यांनी तो पुढच्या माणसाकडे केला. पुढचा मी होतो.